पुट अप

परवा लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पोराने विचारलं, "काका, तुम्ही कुठे पुट अप केलंय?" मी कार्यालयाच्या वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं. त्याचं समाधान झालं. मला मात्र जिलबी संपली तरी ते 'पुट अप' सोडेना.

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो बाबांकडून. तहसील कचेरीत ते कारकून होते. जेवताना म्हणायचे, "आज ती फाइल एकदाची पुट अप केली." कारकून, अव्वल कारकून, नायब तहसीलदार, मग साहेब. फाइल खरोखरच वर चढायची, त्यामुळे त्यातल्या 'अप'बद्दल मला कधी शंका आली नाही. कधी ती तशीच खाली यायची, समासात हिरव्या शाईत दोनच शब्द: 'चर्चा करा'. त्या रात्री बाबांना आमटी खारट लागायची.

पुढे शाळेत सरांनी त्याला 'विथ' जोडलं आणि अर्थ सांगितला, सहन करणे. एवढ्याशा शेपटीने फाइलीचं सोसणं कसं होतं, असं विचारलं तर म्हणाले, "पाठ कर." इंग्रज कोशकार डॉ. जॉन्सननी १७५५च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत 'कम ऑफ', 'सेट आउट', 'टेक ऑफ' अशांची यादीच दिलीय आणि परक्यांना हे प्रकरण फार जड जातं, हेही लिहिलंय. आमच्या सरांपेक्षा बरे.

पण सोसायचं ते वर कसं जातं? आपलं तर सगळं खाली जातं. आपण गिळतो, पोटात घालतो.

तालुक्याला काम निघालेला प्रत्येक नातेवाईक आमच्या दोन खोल्यांत उतरायचा. बाबा स्टुलावर चढून माळ्यावरच्या गाद्या ओढायचे, धूळ खाली मांडलेल्या ताटांवर. आई स्वयंपाकघरात, पाण्याच्या पिंपाशी सतरंजी टाकून झोपायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिथेच बसून मी घोकत होतो: पुट अप म्हणजे पाहुण्याला ठेवून घेणे, पुट अप विथ म्हणजे सहन करणे.

"दोन दोन कशाला पाठ करतोस?" कणीक मळता मळता आई म्हणाली. "आणि ऊठ आता. गेले ते. गाद्या तेवढ्या वर ठेव."