तुम्ही विचारलंत म्हणून: हरीण सोललं की आत काय सापडतं?

दर नोव्हेंबरात हा प्रश्न येतो आणि दोन टोकांनी येतो. पुण्याची आतेबहीण विचारते, "रानातलं जनावर म्हणजे एकदम निरोगी असणार, नाही का रे? ना औषध, ना इंजेक्शन." आणि इथल्या मराठी मंडळातले काका हळूच बाजूला घेऊन विचारतात, "अहो, त्यात किडे-बिडे नसतात ना?"

मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात राहतो. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या सणाच्या आधीच्या शनिवारी इथे बंदुकीने हरणं मारण्याचा हंगाम सुरू होतो, ९ दिवस चालतो, आणि त्या दिवसांत आमच्या गावातल्या खाटकाच्या दारात पिकअप गाड्यांची रांग लागते. आतडी-कोथळा शिकाऱ्याने रानातच काढलेला असतो. सोलणं, हाडापासून मांस सोडवणं, खिमा, सॉसेज हे दुकानाचं काम. ओळखीमुळे मी त्याच्या टेबलाशी मदतीला उभा राहतो. स्वतः बंदूक धरत नाही. (भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंदच, त्यामुळे घरच्यांना यातलं निम्मंच सांगतो.)

तर, निरोगी? दीड वर्षाचं कोवळं पोर आलं तर बहुधा आत काही नसतं. पण चार-पाच वर्षांचा नर टेबलावर आला की काहीतरी निघतंच. कातडीवरून पत्ता लागत नाही. हिवाळी केस दाट असतात, जुना व्रण त्याखाली झाकून जातो.

एका मोठ्या नराचा खांदा सोडवत होतो. मांस लालभडक, वास चांगला. खांद्याच्या फळीजवळ सुरी थबकली. हाड असायला नको त्या जागी काहीतरी टणक लागलं. बोटाने चाचपलं तर लिंबाएवढी गाठ, पांढरट, कूर्चेसारखी चिवट. मालक म्हणाला, "थांब, दाबू नकोस." त्याने बाजूने हलकेच चिरलं. आत थोडा तपकिरी, घट्ट झालेला पू, आणि त्यात बाणाचं तीन पात्यांचं टोक. पाती तशीच धारदार! दांडा केव्हाच मोडून पडलेला. इथे धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यालाच सुरू होतो, पण एवढी जाड गाठ दोन महिन्यांत धरत नाही. म्हणजे बाण आधीच्या एखाद्या हंगामातला. शरीराला ते टोक बाहेर टाकता आलं नाही, म्हणून त्याने त्याभोवती भिंत बांधली आणि नर पुढे चरत राहिला. गाठ आणि आजूबाजूचं बोटभर मांस टाकलं, बाकीचं ठीक होतं. बाणाने शिकार करणाऱ्यांना हा विषय फारसा आवडत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो. गाठ लागली की आधी बोट, मग सुरी, हा टेबलावरचा नियम मात्र अशाच टोकांमुळे पडलाय. हात कापला की टाके.

बरगड्या तर नेहमीच्याच. गाडीची धडक, कुंपणावरून फसलेली उडी, नरानरांची झुंज. मोडलेली बरगडी जुळते तिथे हाडाचा गोळा होतो, कधी दोन शेजारच्या बरगड्या एकमेकींना चिकटतात. तीन पायांवर वर्षानुवर्षं जगलेली हरणंही येतात, आणि त्यांच्या पाठीवर चरबी असते.

मला सगळ्यात नवल वाटतं ते शिंगांचं. हरणाची शिंगं दरवर्षी गळतात आणि नव्याने उगवतात. मखमलीत, म्हणजे वाढत्या शिंगावर मऊ केसाळ कातडी असताना, कोवळ्या शिंगाला मार बसला तर ते त्या वर्षापुरतं वाकडं होतं. कवटीवरच्या खुंटालाच इजा झाली तर वाकडेपणा जन्माचा. पण मागचा डावा पाय मोडला तर बहुधा उजवं शिंग खुरटतं! म्हणून एक शिंग फताडं आणि दुसरं नुसता सुळका असा नर आला की आम्ही आधी विरुद्ध बाजूचा मागचा पाय चाचपतो. वृषणांना इजा झालेल्या नराचं आणखी वेगळं: टेस्टोस्टेरॉन घटलं की मखमल झडत नाही, शिंगं गळत नाहीत, नुसती गाठीगाठींनी वाढत राहतात. उलट एखाद्या मादीत तेच संप्रेरक वाढलं तर तिला शिंगं फुटतात.

आता काकांचे किडे. असतात. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या पोकळीत माशीच्या जाड, पिवळट अळ्या वळवळत असतात. आपल्याकडे मेंढ्यांच्या नाकातही अशाच होतात, धनगराला विचारा. यकृतात पानासारखा चपटा फ्लूक नावाचा कृमी सापडतो, चांगला दोन-तीन इंची. कातडीवर काळ्या, केस नसलेल्या चामखिळी असतात, त्या विषाणूच्या. कधी कधी त्या डोळ्यावर लोंबतात आणि शिकारी अख्खं जनावर फेकायला निघतो. या तिन्हींनी मांसाला काही होत नाही. कलेजी मात्र मी इथल्या हरणाची खात नाही, ती आवडीनिवडीची गोष्ट.

जे दिसतं त्याने मी घाबरत नाही. घाबरवणारा रोग टेबलावर दिसतच नाही. त्याला इथे सीडब्ल्यूडी म्हणतात, म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांना हळूहळू खंगवणारा रोग. १९६७ साली कोलोराडोत पाळीव म्यूल जातीच्या हरणांत तो पहिल्यांदा लक्षात आला, २००२मध्ये विस्कॉन्सिनच्या रानात सापडला. ना जिवाणू, ना विषाणू. प्रायॉन नावाचं वेडंवाकडं दुमडलेलं प्रथिन मेंदू पोखरतं. शेवटी जनावर खंगतं, लाळ गाळतं, पण त्याआधी वर्ष-दीड वर्ष ते धडधाकट दिसतं, चरबीसकट. शिजवून प्रायॉन मरत नाही. माणसाला त्यातून रोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित जनावर खाऊ नका असंच इथली आरोग्य खाती सांगतात.

तपासणी फुकट आहे. पाच इंच मान ठेवून डोकं कापायचं आणि राज्याच्या वन्यजीव खात्याच्या पेटीत टाकायचं. घशामागच्या लसिका गाठी, म्हणजे त्या अळ्यांच्या अगदी शेजारच्या, प्रयोगशाळेत जातात. निकालाला आठवडा-दोन आठवडे लागतात. आणि गंमत बघा, चामखिळीचं हरीण बघून तोंड वाकडं करणारा गडीच आपल्या देखण्या नराचं डोकं द्यायला कुरकुरतो, "एवढं तब्येतवान जनावर, त्याला काय तपासायचंय?" आमचा मालक त्याच्याशी वाद घालत नाही. प्रत्येक हरणाचं मांस वेगळं ठेवतो, खिमा एकमेकांत मिसळू देत नाही, मेंदू आणि मणक्यातल्या मज्जारज्जूला सुरी लावत नाही. माझ्या वाट्याचं पाकीटही निकाल येईपर्यंत फ्रीझरमध्ये, नंबराची चिठ्ठी लावून. काका, तुम्हाला पाठवलं तर त्यानंतरच पाठवीन.