फिल्टर चालू असताना मी खिडकी का उघडते

घरी येणारा प्रत्येक जण एकदा तरी विचारतोच: "हवा शुद्ध करायला एवढा फिल्टर लावलाय, मग खिडकी उघडी कशाला? एक तर मशीन बंद करा, नाही तर खिडकी." काहींच्या स्वरात माझी चूक पकडल्याचा आनंद असतो. आजवर दोन वाक्यांत उत्तर देऊन विषय बदलत आले. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं सांगते.

आधी फिल्टरच्या बाजूने, कारण मी त्याच्या विरोधात आहे असा समज झालाय. आमच्या मशीनमधला हेपा फिल्टर म्हणजे चाळणी नव्हे. अतिशय बारीक तंतूंचं ते गुंतवळ असतं आणि तंतूंमधल्या फटी बऱ्याच कणांपेक्षा मोठ्याच असतात. मोठा कण हवेबरोबर वळू शकत नाही, तंतूवर जाऊन आपटतो. मधला घासून जाताना चिकटतो. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतो आणि कुठल्या तरी तंतूला लागतोच. धरायला सगळ्यात अवघड 0.3 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचा: आपटण्याइतका जड नाही, भरकटण्याइतका हलका नाही. म्हणून 99.97 टक्क्यांची कसोटी त्याच मापावर घेतात. त्याहून लहान कण निसटत असतील असं मला वाटायचं. उलट तेच जास्त अडकतात. धूळ, धूर, परागकण यांच्यासाठी या वस्तूवर माझा आजही पूर्ण विश्वास आहे.

मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. दम्याचं निदान होऊन वर्ष झालेलं. तिच्या खोलीत भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं नवं कपाट आणलं आणि त्याच आठवड्यात एक भिंत रंगवली. वास येत होता. मी खिडकी लावली, फटींना चिकटपट्टी मारली आणि मशीन ऑटोवर टाकलं. सकाळपर्यंत वास जाईल, असं तिला सांगितलं. मशीनवर कणांचा आकडा होता 6, दिवा हिरवा.

पहाटे तीनला जाग आली ती तिच्या श्वासाच्या शिट्टीने. पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून ती बसली होती. खांदे वर चढलेले, आणि दर श्वासाला गळ्याखालची खळी आत ओढली जात होती. तिचा चेहरा मला दिसत होता तो त्या हिरव्या दिव्याच्या उजेडात. स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून दम्याचा पंप दिला, थोड्या वेळाने पुन्हा दिला. नवरा गाडीची किल्ली शोधत होता. तेवढ्यात मी तिला उचललं आणि मशीनसमोर जमिनीवर बसवलं. "इथे बस, इथली हवा चांगली आहे." ती मान हलवत होती, तिला बोलता येत नव्हतं. तरी मी तिला तिथेच धरून बसले. दोन हातांवर खिडकी होती.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, नेब्युलायझर दिला. उजाडल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात काही नवीन आणलंय का? रंग, फर्निचर?"

आमच्या मशीनचा सेन्सर हवेत प्रकाश टाकून कणांवरून विखुरलेला उजेड मोजतो. बोर्डाच्या गोंदातून निघणारं फॉर्मल्डिहाइड हा वायू. तो सेन्सरला दिसत नाही, हेपात अडकत नाही. कार्बनचा पातळ थर असतो, पण फॉर्मल्डिहाइड साध्या कार्बनला नीट धरता येत नाही. त्यात आकडा कमी दिसल्यामुळे ऑटोने पंखाही मंद केला होता.

कपाटामुळेच झालं हे सिद्ध करता येणार नाही. तिला सर्दीही झाली होती, आणि सर्दीने दमा उसळतो. नवरा हेच सांगतो, मला बरं वाटावं म्हणून. दिवसा पटतं. पण पट्टी मी चिकटवली होती.

तेव्हाची मी अजून वाद घालते: बाहेरची हवा तरी कुठे शुद्ध होती? खरंच नव्हती. पीएम 2.5 साठी, म्हणजे 2.5 मायक्रॉन आणि त्याहून लहान कणांसाठी, जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची वार्षिक मर्यादा घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम आहे, आणि खिडकी उघडली की बाहेरचं सगळं आत येतं. पण लावून घेतली की शेगडीचा नायट्रोजन डायऑक्साइड आणि आपल्याच श्वासाचा कार्बन डायऑक्साइड आत साठतो. बंद खोलीत माणसं झोपली की तो सकाळपर्यंत सहज 1000 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत हजार भाग) वर जातो, आणि हेपा फिल्टर त्यातलं काहीही कमी करत नाही. (झाडं ठेवा म्हणणाऱ्यांना: झाडं हवा शुद्ध करतात असं सांगणारा 1989 चा नासाचा प्रयोग छोट्या हवाबंद पेट्यांमधला होता. घरात बाहेरची हवा येण्या-जाण्याने असे वायू जेवढे कमी होतात तेवढे झाडांनी कमी करायचे तर दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील, असं 2019 च्या एका आढाव्यात निघालं.)

म्हणून स्वयंपाक करताना खिडकी उघडते. नवी वस्तू आली की आठवडाभर उघडी ठेवते, मशीन मोठ्या वेगावर, ऑटो बंद. बाहेर धूर असला की लावते. कपाट त्याच दिवशी घराबाहेर काढलं.

काल रात्री बाहेरचा आकडा 90 च्या वर होता. खिडकी लावली. पहाटे उठले, खोलीत कोंदट वाटलं, म्हणून चार बोटं उघडली. आत आकडा चढायला लागला तशी पुन्हा लावली. मुलगी आता अकरा वर्षांची आहे. कूस न बदलता तिने विचारलं, "आई, काय ठरलं?"

"झोप तू," म्हटलं, आणि तिचा श्वास ऐकत तिथेच बसले.