सासूबाईंची वाटी आणि माझा वजनकाटा

एक वाटी तूप, एक वाटी दूध, एक वाटी साखर आणि मैदा मावेल तेवढा, ही आमच्या घरची शंकरपाळी. गेल्या दिवाळीत गिरगावातल्या ओळखीपाळखीतून इतक्या ऑर्डरी आल्या, की तीच कृती एका वेळी दहापट करायची ठरली. दहा-दहा वाट्या मोजताना मध्येच दाराची बेल वाजली की सहावी झाली का सातवी, हे आठवेना. म्हणून क्रॉफर्ड मार्केटमधून डिजिटल वजनकाटा आणला.

आईंची (माझ्या सासूबाईंची) वाटी जुनी, बुडाला किंचित पोचा आलेली. ती काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला आणि काठोकाठ पाणी भरलं. एकदा १५८ ग्रॅम, मग दोनदा १६१. काठावर पाणी थोडं फुगून उभं राहतं, त्यामुळे एवढा फरक पडतोच. पाण्याचा १ मिली म्हणजे १ ग्रॅम, तेव्हा वाटी १६० मिलीची धरली. इथवर सगळं बरोबर होतं.

मग मी १६०० ग्रॅम दूध घेतलं आणि १६०० ग्रॅमच तूप घेतलं. पहिला घाणा कढईत सोडला आणि शंकरपाळ्या कडेने सुटून तेलात विरायला लागल्या.

"मोहन जास्त झालंय गं," आई लांबूनच म्हणाल्या.

"अहो आई, मोजून घातलंय. दहा वाट्याच आहेत."

"असतील. पण हे अकरा वाट्यांचं पीठ आहे."

उरलेल्या पिठात दूध आणि मैदा घालून ते कसंबसं सावरलं, पण आईंचे शब्द डोक्यातून जाईनात. रात्री तुपाचा रिकामा डबा धुताना त्यावर नजर गेली: १ लिटर, आणि खाली ९०५ ग्रॅम. तेलाच्या पिशवीवरही तसंच, १ लिटर आणि ९१० ग्रॅम. वर्षानुवर्षं या पिशव्या कापतेय, ते दोन आकडे शेजारी शेजारी कधी वाचले नव्हते. तूप पाण्यापेक्षा हलकं. म्हणजे माझ्या १६०० मिलींचं वजन व्हायला हवं होतं साधारण १४५० ग्रॅम. दीडशे ग्रॅम तूप जास्त पडलं होतं, आणि दीडशे ग्रॅम तूप म्हणजे जवळजवळ भरून एक वाटी. आईंनी नुसतं कढईकडे बघून ते सांगितलं होतं.

दूध उलट पाण्यापेक्षा जरा जड, १.०३ पट. दहा वाट्यांमागे पन्नासेक ग्रॅमचा फरक, तेवढ्याने पीठ बिघडत नाही. मध मात्र १.४ पट भरतो. आमच्या वाटीत तो सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास बसतो, तिथे अंदाजाने घालू नये.

तूप कोमट घ्यायचं की कढत, हाही प्रश्न होता, कारण तापलं की ते फुगतं आणि वाटीत कमी मावतं. पूर्वी तेलाच्या पाकिटांवर मापाबरोबर तापमान छापलेलं असायचं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ते काढायला सांगितलं. तेव्हा दिलेलं उदाहरण सोयाबीन तेलाचं होतं: १ लिटर तेल २१ अंशांना ९१९ ग्रॅम, तर ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. वजन करून घेतलं की ही कटकटच उरत नाही, थिजलेलं तूपसुद्धा चमच्याने काट्यावर घालता येतं.

आता कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलाय: वाटी १६०, तूप १४५, दूध १६५. साखर वाटीभर घेऊन सरळ तोलली. जाऊबाईंनी हा कागद मागितला, तेव्हा आधी स्वतःची वाटी पाण्याने मोजा म्हटलं. त्यांची १९० मिलीची निघाली.

मैद्याचा आकडा मात्र लिहिलेला नाही. आई अजून "मावेल तेवढा"च म्हणतात, आणि ते त्यांच्या हातालाच कळतं. मी मैद्याचा डबा आधी तोलून ठेवते, त्यांचं मळून झालं की उरलेला पुन्हा तोलते, आणि वजाबाकी तारखेसकट वहीत लिहून ठेवते.