तैबेची बिअर आणि तिथवरची वाट

वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागातल्या तैबे गावचा बिअरचा कारखाना पाहायला जायचे असेल तर जेरुसलेमहून सकाळीच निघावे आणि परत कधी येणार, हे कोणालाही नक्की सांगू नये. दमास्कस दरवाजाजवळच्या अरब बसस्थानकातून २१८ क्रमांकाच्या बसने रामल्ला, आणि तिथून ‘सर्व्हिस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पिवळ्या शेअर टॅक्सीने ईशान्येला बाराएक किलोमीटर, असा आम्हा दोघांचा प्रवास नोव्हेंबर २०२२ मध्ये झाला. जाताना कोणी हटकले नाही. रामल्ला-जेरुसलेम वाटेवरच्या कलंदिया या इस्रायली लष्करी नाक्यावरची तपासणी परतताना होते आणि तेव्हा पासपोर्टसोबत विमानतळावर मिळालेली प्रवेशाची चिठ्ठीही दाखवावी लागते, म्हणून ती जपून ठेवावी.

ऑलिव्हच्या टेकड्यांमध्ये सुमारे ८५० मीटर उंचीवर वसलेले तैबे हे हजार-दीड हजार वस्तीचे, संपूर्ण ख्रिस्ती गाव आहे. नदीम आणि डेव्हिड खूरी हे बंधू अमेरिकेत बॉस्टनजवळ स्थिरावले होते. नदीम यांना घरी बिअर बनवण्याचा छंद विद्यार्थिदशेतच लागलेला. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातल्या १९९३ च्या ओस्लो करारानंतर आता शांतता नांदेल या भरवशावर ते परतले आणि १९९४ मध्ये घरचे पैसे घालून त्यांनी हा कारखाना उभा केला. आज नदीम यांची कन्या मेडीस बिअर गाळण्यापासून विक्रीपर्यंत सगळे पाहते.

कारखाना पाहायला अर्धा तास पुरतो. स्टीलच्या टाक्या, बाटल्या भरण्याचे यंत्र, ओल्या फरशीवर भिजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडसर वास. पुण्यातली एखादी ब्रुअरी पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. मुख्य ‘गोल्डन’ बिअर १५१६ च्या जर्मन शुद्धता नियमानुसार, म्हणजे बाहेरचे काही न मिसळता, बनते. मला मात्र गव्हाची ‘व्हाइट’ अधिक आवडली, कारण तिच्यात संत्र्याच्या सालीबरोबर चक्क धणे असतात. पहिल्याच घोटाला मसाल्याचा डबा उघडल्यासारखे झाले, आणि माझ्या सौभाग्यवतींनी, ज्या एरवी बिअरला हात लावत नाहीत, माझा पेला ओढून घेतला. मद्य वर्ज्य मानणाऱ्यांसाठी बिनमद्याची बिअरही येथे तयार होते.

खरी अडचण बिअर बनवण्यात नसून पाणी मिळवण्यात आणि माल बाहेर काढण्यात आहे. पाणी जवळच्या ऐन सामिया झऱ्याचे. पण त्या परिसरातल्या विहिरींच्या यंत्रणेवर २०२५ मध्ये वेस्ट बँकमध्ये वसाहती करून राहणाऱ्या इस्रायलींचे हल्ले झाले. पॅलेस्टाइनला स्वतःचे बंदर नसल्याने परदेशी जाणारा माल इस्रायली बंदरांतूनच जातो, आणि वाटेत नाक्यावर तो एका ट्रकमधून उतरवून, तपासून, दुसऱ्या ट्रकमध्ये चढवावा लागतो. बिअर उन्हात ताटकळली की बिघडते, हे वेगळे सांगायला नको. गावातच प्यायलेली बिअर सर्वांत ताजी लागते ती त्यामुळेच.

आता जाणाऱ्यांसाठी. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझातले युद्ध सुरू झाल्यापासून गावांच्या तोंडाशी इस्रायली लष्कराने बसवलेली फाटके कधीही बंद होतात आणि जुलै २०२५ मध्ये तैबेतल्या जुन्या सेंट जॉर्ज चर्चच्या अवशेषांजवळ आग लावली गेली, तेव्हा ताजी स्थिती विचारल्याशिवाय निघू नये. कारखान्यात आदल्या दिवशी फोन करावा. रविवारची सकाळ प्रार्थनेची असते. भारतीयांनी इस्रायलचा व्हिसा आधीच काढलेला असावा. भाड्याची गाडी घेणार असाल, तर तिचा विमा पॅलेस्टिनी भागात चालतो का, हे लेखी विचारून घ्यावे, कारण बऱ्याचदा तो चालत नाही. जवळ रोख शेकेल, म्हणजे इस्रायली चलन, असू द्यावेत.

बाटल्या आणायच्या असतील तर भारतात माणशी दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येते. ३३० मिलिलिटरच्या सहा बाटल्या त्यात जेमतेम बसतात. त्या चेक-इनच्या बॅगेत, प्रत्येकी जाड मोज्यात घालून ठेवाव्यात. आमचे मोजे पाचच होते. सहाव्या बाटलीचा वास बॅगेला अजून येतो.