करवलीचा चेहरा: लाल दिव्याचे बारा आठवडे

मंडळी, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी उघडलेली वही काल भरली. धाकट्या भावाचं लग्न, मी सख्खी करवली, म्हणजे सीमांतपूजनापासून गृहप्रवेशापर्यंत नवरदेवाच्या प्रत्येक फोटोत मागे माझा चेहरा असणारच. वय 36, रंग गव्हाळ. गालांवर जुन्या मुरुमांचे तांबूस डाग, डोळ्यांच्या कडेला हसताना उमटणाऱ्या रेषा. चेहऱ्यावर लाल प्रकाश टाकायचं एलईडी पॅनल वर्षभरापासून घरात होतं, पण आठवण झाली की लावायचं असा प्रकार. या वेळी नीट मोजून, फोटो काढून करायचं ठरवलं.

पॅनलमध्ये 633 नॅनोमीटर तरंगलांबीचे लाल आणि 830 नॅनोमीटरचे अवरक्त (इन्फ्रारेड) असे दोन जातींचे दिवे आहेत. अवरक्त दिवे डोळ्यांना बंदच वाटतात. ते पेटतात की नाही हे पाहायला फोनचा सेल्फी कॅमेरा समोर धरा, बहुतेक फोनमध्ये फिकट जांभळे ठिपके दिसतात. आणि दिसत नाहीत म्हणूनच प्रकाश अडवणारा चष्मा हवा. डोळे दिपले की आपण आपोआप मिटतो, तसं या प्रकाशाला होत नाही. शिवाय लाल प्रकाश मिटलेल्या पापण्यांतूनही आत जातो.

आता मात्रा, कारण मला सगळ्यात जास्त हेच विचारलं जातं. “किती मिनिटं?” हा प्रश्नच अपुरा आहे. माझा सोलर मीटर, म्हणजे प्रकाशाची तीव्रता मोजणारं यंत्र, पॅनलपासून 20 सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला 60 मिलिवॅट दाखवतो. पण हे मीटर उन्हासाठी बेतलेले असतात, एलईडीसमोर आकडा फुगवतात, म्हणून मी निम्मा, 30 धरला. दहा मिनिटांचे 600 सेकंद. 30 गुणिले 600, भागिले 1000. दर चौरस सेंटिमीटरला 18 ज्यूल झाले. आठवड्यातून पाच दिवस, सकाळी आंघोळीनंतर, कोरड्या चेहऱ्यावर. कुणी म्हणेल वीस मिनिटं का नाही? या उपचारात एका मर्यादेपुढे मात्रा वाढवली की परिणाम वाढायच्या ऐवजी घटू लागतो. लग्न जवळ आलं म्हणून वेळ दुप्पट करायचा मोह मलाही झाला, पण आकडा मी शेवटपर्यंत हलवला नाही.

पहिले सहा आठवडे फक्त उजवा गाल. डाव्या बाजूला पुठ्ठ्यावर काळं कापड शिवून आडोसा केला, नाकाच्या मधोमध येईल असा. लोकांना हे विचित्र वाटतं, पण अर्धा चेहरा राखून ठेवल्याशिवाय दिव्याने काय केलं आणि बदललेल्या ऋतूने काय केलं हे कळणार कसं? बडोद्यात भाद्रपदातली दमट हवा आणि दिवाळीनंतरची कोरडी हवा यांतच त्वचा किती बदलते, इथले सगळे जाणतात. फोटो दर रविवारी सकाळी आठला, दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या उत्तरेकडच्या खिडकीत, हनुवटीखाली पांढरा कागद धरून, फोनमधलं चेहरा गुळगुळीत करणारं सेटिंग बंद ठेवून.

आठवडा पहिला, दुसरा: काही नाही. वहीत “काही नाही” असंच लिहिलंय. पितृपक्ष होता, घरात खरेदीची बोलणीही बंद होती, त्यामुळे तशी शांतता होती.

तिसऱ्या आठवड्यात नवरात्र लागलं. बडोद्यात राहून गरबा चुकवणं मला जमत नाही, आणि चुकवायचाही नव्हता. नवलखी मैदानावर रात्री बारापर्यंत, अंगावर धूळ, घाम, मेकअप, घरी येऊन तोंड धुतलं न धुतलं की झोप. नऊ दिवसांत दिव्यासमोर मी तीनदाच बसले. दसरा झाला आणि जबड्याच्या दोन्ही कडांना मुरुमांची रांग उठली.

इथे मी चुकले, आणि ती चूक सविस्तर लिहिते, कारण आपल्यापैकी अनेक जण नेमकं हेच करायला निघालेले असतात. माझ्याकडे एक छोटा निळा दिवा होता, 415 नॅनोमीटरचा. मुरुमांतले जंतू पॉर्फिरिन नावाचे पदार्थ तयार करतात, ते निळा प्रकाश शोषतात, त्यातून क्रियाशील ऑक्सिजन तयार होतो आणि जंतू मरतात. हे सगळं खरं आहे. नऊ दिवस रोज लावला आणि मुरुम खरंच सुकले. पण त्यांच्या जागी राहिलेले डाग तपकिरी झाले, आणि उजव्या जबड्यावरचा जुना फिकट डाग पुन्हा गडद झाला. पाचव्या आणि सहाव्या आठवड्याचे फोटो शेजारी ठेवले तेव्हा मला रडू आलं. लग्नाला दीड महिना उरला होता.

त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी विचारलं, डॉक्सीसायक्लिनसारखी गोळी चालू नाही ना, कारण काही औषधांनी त्वचा प्रकाशाला जास्तच संवेदनशील होते. नव्हती. मग त्यांनी सांगितलं की गव्हाळ, सावळ्या त्वचेत निळा-जांभळा प्रकाश रंगद्रव्य वाढवू शकतो आणि ते बरेच दिवस टिकतं. लाल प्रकाशाचं तसं दिसत नाही. परदेशी गोऱ्या कातडीवरचे निळ्या दिव्याचे फोटो पाहून आपण आपला हिशेब करतो, तिथेच फसतो. वांग असेल तर निळ्याच्या वाटेलाच जाऊ नका. लाल-अवरक्त पॅनलही फार जवळ धरून चेहरा तापवू नका, उष्णतेनेही वांग चाळवतो. मी तेव्हापासून पॅनलसमोर बसताना पंखा चालूच ठेवते.

निळा बंद. रात्री डॉक्टरांनी दिलेलं अझेलाइक ॲसिडचं मलम. आणि दिवसा रंग असलेलं सनस्क्रीन, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं. साधं पांढरं सनस्क्रीन अतिनील किरण अडवतं, पण डोळ्यांना दिसणारा प्रकाश बराचसा आत येऊ देतो. डाग गडद करण्यात त्याचाही वाटा असतो. मंगळ बाजारात उन्हातान्हात आहेराच्या साड्या शोधत फिरायचं होतं, म्हणून हे फार महत्त्वाचं होतं.

सातवा आठवडा, दिवाळी. सहा आठवड्यांचे अर्ध्या चेहऱ्याचे फोटो बहिणीला बाजू न सांगता दाखवले. गालावरचे तांबूस डाग उजवीकडे कमी आहेत, असं तिने लगेच ओळखलं. डोळ्यांच्या रेषांत तिला फरक दिसला नाही, मलाही नाही. तो दिसायला हवा होता असंही नाही. त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन, म्हणजे कोलॅजन, नवं घडायला आठवडे नव्हे, महिने लागतात. भाऊबीजेनंतर आडोसा काढला आणि पूर्ण चेहऱ्यावर सुरू केलं.

याच सुमारास आईही बसायला लागली. वरमाय म्हणून तिचे फोटो माझ्याहून जास्त. ती घड्याळ लावत नाही. चष्मा लावून रोजचं स्तोत्र म्हणते, ते संपतं तेव्हा बरोबर दहा मिनिटं झालेली असतात. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, “ओठांवर लव तर नाही ना वाढणार?” प्रश्न रास्त आहे. 1967 साली बुडापेस्टमध्ये डॉक्टर एंड्रे मेस्टर यांनी उंदरांची पाठ भादरून त्यावर लाल लेझर टाकलं होतं. कर्करोग होतो का हे पाहायचं होतं. तो झाला नाही, पण केस लवकर उगवले. डोक्याच्या केसांसाठी लाल दिव्यांच्या टोप्या आज विकल्या जातात. म्हणून मी वरच्या ओठाचाही दर रविवारी जवळून फोटो घेत होते. बारा आठवड्यांत तिथे मला बदल दिसला नाही.

नवव्या आठवड्यात तुळशीचं लग्न लागलं तेव्हा जबड्याचे डाग तपकिरीवरून फिकट झाले होते. दहाव्यात गालांचा खरखरीतपणा बराच गेला. पावडर बसते तेव्हा कळतं, कोरड्या ठिपक्यांवर ती अडत नाही. जिन्यात शेजारच्या बेननी थांबवून विचारलं, “शुं लगाड्युं छे?” (काय लावलंय?) त्या दिवशीची नोंद मी लाल पेनाने केलीय.

शेवटच्या आठवड्यात नवं काहीच लावलं नाही, फेशियलही नाही. शेवटची बैठक हळदीच्या दोन दिवस आधी. आणि हळदीबद्दल एक सांगायचंच आहे: हळदीतलं कुर्क्युमिन निळा प्रकाश शोषतं आणि त्या प्रकाशात क्रियाशील होतं, जंतू मारण्यासाठी निळ्या दिव्यासोबत त्याच्या वापराचा दंतवैद्यकात अभ्यासही झालाय. तेव्हा हळद लागलेल्या, किंवा तिचा पिवळेपणा उरलेल्या चेहऱ्यावर निळा दिवा अजिबात नको. नवरदेवालाही नको. आमच्या धाकट्याने आदल्या रात्री कपाळावरच्या पुटकुळीसाठी तो मागितला होता, मी कपाटात कुलूप लावून ठेवला.

लग्नाच्या सकाळची नोंद: तांबूस डाग जवळजवळ नाहीत. उजव्या जबड्यावर एक तपकिरी ठिपका उरलाय, मेकअपखाली झाकला गेला. डोळ्यांच्या रेषा आहेत तशाच. सप्तपदीच्या वेळी मागे उभी राहून मी हसतेय त्या फोटोत त्या स्पष्ट दिसतात, आणि तोच फोटो आईने मोठा करून आणायला सांगितलाय.

आता आठवड्यातून तीन दिवस, तीच 18 ज्यूल. आईच्या मानेची वेगळी वही सोमवारपासून सुरू करतेय, या वेळी रेषांसाठी पूर्ण सहा महिने धरून. तोपर्यंत तुमच्यापैकी कुणाकडे गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवरचे, एकाच खिडकीत काढलेले आधी-नंतरचे फोटो असतील तर जरूर दाखवा, तुमच्या मीटरच्या आकड्यासकट.