मामाच्या ओसरीवरचा डबा: पेनड्राइव्ह लावा, टाळ वाजला की काढा

सेलू तालुक्यातल्या मामाच्या ओसरीवर जो जुना लॅपटॉप बसवलाय, त्याची ही हकीकत. स्क्रीन फुटकी, बॅटरी कामातून गेलेली, रॅम चार जीबी, वर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार). त्याच्या डिस्कवर गावच्या सप्ताहातली कीर्तनं आहेत. कुणीही यावं, पेनड्राइव्ह खोचावा, कीर्तनं भरून घ्यावीत आणि ट्रॅक्टरच्या टेपला लावावीत. कीबोर्ड नाही, माउस नाही.

घरच्या मशीनवर पेनड्राइव्ह आपोआप माउंट होतो (म्हणजे त्यातल्या फाइली एका फोल्डरात दिसायला लागतात), म्हणून इथंही होईल असं धरून चाललो होतो. झालं नाही. यूडिस्क्स (डिस्क माउंट करणारी सेवा) स्वतःहून काही माउंट करत नाही, कुणी सांगितलं तरच करतं. आणि ते सांगणारा असतो डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-आयकॉनवाला पडदा. तोच इथं नाही, तर सांगणार कोण?

मग सगळे करतात तेच केलं. यूडेव्ह, म्हणजे नवं उपकरण लागलं की दखल घेणारी सेवा, तिचा नियम लिहिला आणि त्याच्या रनमध्ये (कोणती आज्ञा चालवायची ती जागा) थेट माउंटची आज्ञा टाकली. जर्नलमध्ये (सिस्टमच्या नोंदवहीत) नियम लागल्याचं दिसतंय, फोल्डर मात्र रिकामं. दोन संध्याकाळी यात गेल्या. शेवटी यूडेव्हचं मॅन पेज (सोबत येणारं माहितीचं पान) नीट वाचलं, जे आधीच वाचायला हवं होतं. तिथं सरळ लिहिलंय की नियमातून फाइलसिस्टम (डिस्कवरची फाइली ठेवायची रचना) माउंट-अनमाउंट करायला परवानगी नाही, कारण यूडेव्हची सेवा कुंपणात चालते. तिची माउंटची दुनियाही वेगळी असते. आत काही लागलंच तरी बाहेरच्यांना दिसत नाही. शिवाय रन हे झटपट कामासाठी आहे. घटना हाताळून झाली की मागं रेंगाळणारी प्रक्रिया मारली जाते. नेटवरचे जुने नियम उचलून जे अजून डोकं आपटतायत, त्यांनी इथंच थांबावं.

बरोबर रस्ता असा: नियमाने फक्त सिस्टमडीचा (सगळ्या सेवा चालू-बंद करणारा प्रोग्राम) टॅग लावायचा आणि सिस्टमडी-वॉन्ट्समध्ये एका टेम्प्लेट सेवेचं (प्रत्येक पेनड्राइव्हसाठी वेगळी प्रत चालते अशी) नाव द्यायचं. माउंट, कॉपी, अनमाउंट हे सगळं त्या सेवेच्या स्क्रिप्टमध्ये.

सेवा चालली, पण एकदाच. तोच पेनड्राइव्ह काढून परत लावला तर शांतता. सेवेत मी 'रिमेनआफ्टरएक्झिट' हो ठेवलं होतं, कुठून तरी चिकटवलेलं. काम संपलं तरी सिस्टमडीच्या लेखी सेवा चालूच, मग ती परत कशाला सुरू होईल? ओळ उडवली, काम झालं.

दुसरी गंमत शेजारच्या अण्णांच्या पेनड्राइव्हची. सगळ्यांचे चालायचे, त्यांचाच नाही. डिस्कांची यादी दाखवणारं एलएसबीएलके चालवलं तर त्यावर पार्टिशनच (डिस्कचा आखून दिलेला भाग) नाही, फाइलसिस्टम थेट अख्ख्या डिस्कवर. माझा नियम 'एसडी, पुढं अक्षर, पुढं आकडा' असं पार्टिशनचं नाव शोधत होता, आणि यांच्याकडं आकडाच नाही. आता नावाकडं बघतच नाही. यूएसबीवरचं आहे का आणि यूडेव्हच्या 'आयडी-एफएस-यूसेज' या नोंदीत 'फाइलसिस्टम' आहे का, एवढंच तपासतो.

खरी कटकट मात्र काढण्याची. कॉपी झाली की स्पीकरवर टाळ वाजवायचा असं ठरवलं होतं. भजनी मंडळाचेच टाळ मोबाइलवर रेकॉर्ड केले. टाळ वाजला, मामांनी पेनड्राइव्ह उपटला, ट्रॅक्टरला लावला. पहिली तीन कीर्तनं चालली, चौथं मध्येच बंद.

"तुझा डबा अर्धवटच भरायलाय रे," मामा म्हणाले.

त्या रात्री घरून एसएसएचने (दूरच्या मशीनवर नेटवरून शिरायची सोय) आत शिरलो, मामांना परत पेनड्राइव्ह लावायला सांगितलं आणि प्रॉकमधल्या मेमइन्फोची (मेमरीचा हिशोब) 'डर्टी' ओळ, म्हणजे डिस्कवर लिहायचा बाकी माल, दर सेकंदाला बघत बसलो. कॉपीची आज्ञा काही सेकंदांत संपली, टाळ वाजला. डर्टी तेव्हा सहाशे एमबीच्या वर. मग तो आकडा बैलगाडीच्या चालीने उतरायला लागला, सेकंदाला तीन-चार एमबी. सगळा माल अजून रॅममध्येच आणि आम्ही टाळ वाजवून मोकळे! शून्याजवळ यायला जवळपास तीन मिनिटं लागली. फोनवर मामा तीनदा विचारून गेले, "काढू का?"

म्हणजे टाळाची जागाच चुकली होती. आता कॉपीनंतर सिंक (रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवणं), मग अनमाउंट, आणि अनमाउंटने यश कळवलं तरच टाळ.

त्यावर अनमाउंट 'टार्गेट बिझी' म्हणून अडलं. फ्यूझर लावून बघितलं तर फोल्डर धरून बसलेला चोर माझीच स्क्रिप्ट. वर कुठंतरी मी फोल्डर बदलायची 'सीडी' आज्ञा देऊन पेनड्राइव्हच्या फोल्डरात शिरलो होतो आणि तिथंच उभं राहून तो सोडा म्हणत होतो. काखेत कळसा. एकाने लेझी अनमाउंट सुचवलं होतं, ते मुद्दाम टाळलं. त्यात फोल्डर लगेच नाहीसं होतं, पण धरणाऱ्याने सोडेपर्यंत फाइलसिस्टम आत जिवंतच राहतं. इथं तर ते म्हणजे खोटा टाळ.

लाइन जाते तेव्हाचं काय? बॅटरी नाही, त्यामुळं मशीन जागच्या जागी आडवं. पुढच्या वेळी तोच पेनड्राइव्ह लावला की कर्नल (लिनक्सचा गाभा) 'वॉल्यूम नीट अनमाउंट झालेला नाही, एफएससीके चालवा' अशी तक्रार करतं. माउंटच्या आधी एफएससीकेची, म्हणजे फाइलसिस्टम तपासून दुरुस्त करायची, एक ओळ टाकली, विषय संपला. लॅपटॉपला इन्व्हर्टरवर घेता आलं तर बरं, पण त्यावर आधीच पंखा आणि टीव्ही आहे आणि मामी ऐकायच्या नाहीत.

६४ जीबीवाल्यांसाठी एक सूचना दारावर चिकटवलीय. त्या पेनड्राइव्हवर बहुधा एक्सफॅट फाइलसिस्टम असतं. लिनक्सला अडचण नाही, ५.७ कर्नलपासून चांगला ड्रायव्हर आत आहे. पण गावातल्या ट्रॅक्टरच्या टेपला फॅट३२ हे जुनं फाइलसिस्टमच कळतं. मोठा पेनड्राइव्ह असेल तर माझ्याकडं द्या, एमकेएफएसने फॅट३२ करून देतो. आधी आतलं सगळं दुसरीकडं काढून ठेवा. मागाहून लेकराच्या बारशाचे फोटो मागू नका.

गेल्या एकादशीला दोघांनी एकदम दोन पेनड्राइव्ह लावले. टेम्प्लेट सेवा असल्यामुळं दोन्ही व्यवस्थित भरले, पण टाळ वाजला तेव्हा तो कुणाचा हे कुणालाच कळेना. डाव्या पोर्टला टाळ आणि उजव्याला मृदंग, असं मामांचं म्हणणं आहे. पोर्ट ओळखायला यूडेव्हचा 'आयडी-पाथ' आहेच. मृदंग वाजवणारे मात्र परभणीला लेकीकडं गेलेत, आले की रेकॉर्ड करतो.