स्पंज आणायला निघालात? आधी बर्फाचं बघा

समुद्राचं सौंदर्य वगैरे वाचायला आला असाल तर इथे काही मिळणार नाही. औषधाला उपयोगी संयुगं शोधायला समुद्रातले स्पंज गोळा करायला गेलो होतो. पहिले चार दिवस पाणी नितळ होतं, डुबक्या मजेत झाल्या, विषय संपला. लिहायचंय ते पाचव्या दिवसाबद्दल. होडीतून फ्रीझरपर्यंतच्या पाच तासांनी माझे पुढचे सहा महिने खाल्ले.

निघण्याआधी ज्याला विचारलं त्याने एकच गोष्ट ऐकवली. वर्नर बर्गमन या रसायनशास्त्रज्ञाला १९५०च्या सुमारास एका कॅरिबियन स्पंजात स्पाँगोथायमिडीन नावाचं संयुग सापडलं आणि त्याच धाग्यावरून पुढे रक्ताच्या कर्करोगावरचं सायटराबिन हे औषध आलं. म्हणजे काय, जा, कापा, आणा! हॅलिकॉन्ड्रिन-बी या स्पंजातल्याच कर्करोगविरोधी संयुगाचा हिशेब मात्र कुणी सांगितला नाही. जपानमध्ये ६०० किलो स्पंजातून ते मिळालं १२.५ मिलिग्रॅम. चिमूटभरही नाही. त्याच्यावरून बेतलेलं इरिब्युलिन हे कर्करोगावरचं औषध २०१० साली अमेरिकेत मंजूर झालं, तेही प्रयोगशाळेत बनवलेलं. तेव्हा पोती भरून स्पंज आणायचा मोह सोडा. पहिल्या चाचण्यांना मूठभर तुकडा पुरतो. बूड जागेवर राहू द्या, स्पंज पुन्हा वाढू शकतो.

पोहता-डुबता येतं आणि सामान धड आहे, असं धरून चालतो. हातमोजे मात्र जाड घ्या. बऱ्याच स्पंजांच्या अंगात काचेसारख्या सिलिकेच्या बारीक कंटिका, म्हणजे सुया, असतात, आणि काही जाती नुसत्या स्पर्शाने आग लावतात. मी पातळ मोजे घातले होते. दोन दिवस बोटांनी पेन धरता आलं नाही.

आणि फोटो कापण्याआधी काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. काही पिवळे स्पंज पाण्याबाहेर येताच काळवंडतात. त्यातल्या अ‍ॅप्लिसिना एरोफोबा या जातीचं नावच ‘हवेला भिणारा’ अशा अर्थाचं आहे. वर आणून पाहिलं तर सगळे तुकडे सारखेच चिखलाच्या रंगाचे दिसतात. मग जात ओळखणारा तज्ज्ञ तरी काय करणार?

आता तो पाचवा दिवस. होडीवाल्याने सकाळी छातीठोकपणे सांगितलं, बर्फ भरपूर आहे. मी पेटी उघडून पाहिली नाही. चूक माझीच, पण त्याने बर्फाचे वेगळे पैसे लावले होते! बारा वाजता झाकण उघडलं तर पेटीत कोमट पाणी आणि त्यात तरंगणाऱ्या माझ्या पिशव्या. दोन फुगल्या होत्या. वास सांगत नाही.

स्पंज म्हणजे एक प्राणी नव्हे, अख्खी चाळ आहे. काही जातींच्या वजनात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग सूक्ष्मजीवांचा असतो, आणि पुष्कळदा आपल्याला हवी ती संयुगं हे भाडेकरूच बनवतात. थिओनेला स्विन्होई या स्पंजातल्या बऱ्याच संयुगांमागे एन्टोथिओनेला नावाचा जीवाणू आहे, हे २०१४ मध्ये दाखवून दिलं गेलं. उन्हात ठेवलेल्या तुकड्यात मात्र भलतेच जीवाणू माजतात, पेशी फुटतात, स्पंजाची स्वतःची विकरंही (एन्झाइम्स) हात धुऊन घेतात. तासाभरानंतर पिशवीत जे उरतं त्याला मी नमुना म्हणणार नाही.

घाबरून मी पिशव्यांमध्येच इथेनॉल ओतलं. नमुने वाचतील असं वाटलं. इथेनॉलने आधी मार्करने लिहिलेली नावं पुसली. मग त्या स्वस्त मऊ पिशव्यांच्या प्लास्टिकमधून काय काय ओढून घेतलं, ते प्रयोगशाळेत कळलं. अर्क काढला, कॉलम नावाच्या नळीतून त्यातली संयुगं वेगळी केली, आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, ३९१ला देखणं शिखर आलं. आठवडाभर मी हवेत होतो. मग एका अनुभवी सहकाऱ्याने त्याच आलेखात खाली १४९ला त्या रेणूच्या तुटलेल्या तुकड्याचं शिखर पाहिलं आणि हसायलाच लागला. थॅलेट. प्लास्टिक मऊ करायला घालतात ते. मी पिशवीचा शोध लावला होता.

म्हणून ठाम सांगतो. नावं पेन्सिलीने, जलरोधक कागदावर, आणि तो कागद पिशवीच्या आत. द्रावक ओतायचंच असेल तर काचेच्या बाटलीत. एका रिकाम्या बाटलीत नुसतं द्रावक भरून तिचीही तशीच चाचणी करा, म्हणजे ‘नवं संयुग’ भांड्यातून आलंय का ते कळेल. जात ओळखण्यासाठी एक छोटा तुकडा इथेनॉलमध्ये वेगळा ठेवा, बाकी सगळा थेट बर्फात. परवानग्यांचं काम निघण्याच्या कितीतरी आधी सुरू करा. दुसऱ्या देशातले जीव वापरायचे तर त्याची परवानगी आणि फायद्यातला वाटा ठरवणारा नागोया करार २०१४ पासून लागू आहे, आणि कागद नसतील तर सापडलेल्या रेणूचं पुढे लोणचं घालावं लागेल.

दुसऱ्या फेरीत वर आल्यावर अर्ध्या तासात सगळे तुकडे गोठवले. अर्काने चाचणीत पेशी मारल्या, शिखर स्वच्छ आलं. ज्ञात संयुगांच्या माहितीसाठ्यात ताडून पाहिलं तर संयुग आधीपासून ठाऊक असलेलं निघालं, दहा मिनिटांत. तरी मी त्या दिवशी खुर्चीवर गरागरा फिरलो, कारण निदान ते स्पंजातलं होतं.

तिसऱ्या फेरीला दोन पेट्या नेतोय. एकीत फक्त बर्फ, आणि तिच्यावर मी स्वतः बसणार आहे.